धडक देणारा पळाला, दुरुस्तीचा खर्च कोण देणार?

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत झालेल्या भाषणाचा मजकूर. ज्या सख्यांना सभेला येता आलं नाही त्यांच्यासाठी इथे देत आहोत. ग्रामसंघाच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवावा ही विनंती.)



आजचा विषय बचतीचा नाही आणि कर्जाचाही नाही, पण दोन्हीला धक्का देणारा आहे. रात्री-अपरात्री एखादं वाहन येतं, आपल्या घराच्या भिंतीला, गोठ्याला, नाहीतर गटाच्या गाळ्याला धडक देतं आणि निघून जातं. सकाळी बघावं तर विटांचा ढीग. गाडी कुठली, चालक कोण, काही पत्ता नाही. मग गावात एकच वाक्य ऐकू येतं, "जाऊ द्या बाई, माणूस तर वाचलं ना!" माणूस वाचलं हे मोठंच आहे. पण भिंत आपोआप उभी राहत नाही, आणि भिंत पडली म्हणून बँकेचा हप्ता थांबत नाही.

आपल्यातल्या कितीतरी जणींची घरं आणि दुकानं रस्त्याला लागून आहेत. गिऱ्हाईक रस्त्यावरून येतं म्हणून आपणच तशी जागा निवडतो. गळीत हंगामात त्याच रस्त्याने रात्रभर ऊस भरलेले ट्रॅक्टर, ट्रक जातात. तेव्हा ही वेळ कुणावरही येऊ शकते. ती आली तर काय करायचं, हे आधी माहीत असलेलं बरं.

आधी कडू गोष्ट

बऱ्याच जणींना वाटतं, गाडी सापडली नाही तरी सरकार भरपाई देतं. हे अर्धंच खरं आहे. धडक देऊन पळालेल्या वाहनाचा शोध लागला नाही, तर केंद्र सरकारची एक योजना आहे. २०२२ पासून त्यात मृत्यू झाल्यास दोन लाख आणि गंभीर दुखापत झाल्यास पन्नास हजार रुपये मिळतात. पण ती फक्त माणसांसाठी आहे. भिंत, शटर, यंत्र, गोठा, अशा मालमत्तेच्या नुकसानीला त्यात एक रुपयाही नाही. घटनेत कुणी जखमी झालं असेल, तर त्या माणसासाठी ह्या योजनेचा अर्ज तहसीलदार किंवा प्रांत कार्यालयात वेगळा करायचा. भिंतीचा विषय वेगळा.

म्हणजे भिंतीचे पैसे दोनच ठिकाणांहून येऊ शकतात. एक, ज्याच्या गाडीने नुकसान केलं तो मालक आणि त्याची विमा कंपनी. दोन, आपण स्वतः आधी काढलेला विमा. गाडी सापडली नाही आणि आपला विमाही नाही, तर खर्च आपल्याच पदरचा. म्हणून पहिलं काम रडण्याचं नाही की राडारोडा आवरण्याचंही नाही. पहिलं काम गाडी शोधण्याचं.

दोन उदाहरणं

आपल्याच भागातलं सांगते. नावं घेत नाही, पण ओळखणाऱ्या ओळखतील.

एका गटाचं मिरची कांडपाचं यंत्र रस्त्याकडेच्या गाळ्यात होतं. यंत्र कर्ज काढून घेतलेलं, अकरा महिन्यांचे हप्ते फिटलेले, बाकीचे उभे. डिसेंबरात एका पहाटे कुठल्यातरी मोठ्या गाडीने गाळ्याची बाजूची भिंत पाडली, शटर वाकवलं आणि यंत्राचा सांगाडा हलवला. सकाळी एक जण झाडू घेऊन आवरायला लागली. गटाच्या सचिव ताईंनी तिचा हात धरला. म्हणाल्या, "काकू, ह्याला कुणी हात लावायचा नाही. हा कचरा नाही, हा पुरावा आहे."

त्या कचऱ्यात काय निघालं? दिव्याच्या फुटलेल्या काचा, भिंतीच्या विटेला लागलेला लाल रंग, आणि प्लास्टिकचा एक तुकडा, ज्यावर रंगवलेल्या नावातली अडीच अक्षरं होती. तिघीजणी पुढच्या ढाब्यावर गेल्या, दोघी वजनकाट्यावर गेल्या. ढाब्याच्या कॅमेऱ्यात पहाटे चारच्या सुमाराला एका बाजूचा दिवा बंद असलेला लाल ट्रक जाताना दिसला. वजनकाट्याच्या वहीत त्याच पहाटेची नोंद होती, गाडीच्या नंबरासकट. ही सगळी माहिती त्यांनी पोलिसांना लेखी दिली. चौथ्या दिवशी ट्रकचा मालक स्वतः गावात आला.

दुसरं उदाहरण एका एकट्या राहणाऱ्या मावशींचं. त्यांच्या गोठ्याची भिंत अशीच रात्री पडली. शेजाऱ्यांनी माया म्हणून दुपारपर्यंत सगळं आवरून दिलं, विटा रचून ठेवल्या, काचा उकिरड्यावर टाकल्या. मावशी तक्रार द्यायला गेल्या त्या बारा दिवसांनी. तोवर पेट्रोल पंपावरच्या कॅमेऱ्यातलं चित्रण पुसलं गेलं होतं. गाडी सापडली नाही, विमाही नव्हता. शेवटी म्हशीच्या दुधाच्या पैशातून भिंत झाली, त्याला पाच महिने लागले. मावशींचं नुकसान गटापेक्षा कमी होतं, हक्क तेवढाच होता. फक्त पहिले काही दिवस हातातून गेले.

पहिल्या दिवशी काय करायचं

हे नीट लक्षात ठेवा. जमलं तर गटाच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून घ्या.

१. कुणी अडकलंय का, जखमी आहे का, विजेची तार तुटलीय का, ते आधी बघा. गरज पडली तर ११२ वर फोन करा. तार तुटली असेल तर जवळ जाऊ नका, वीज कर्मचाऱ्याला कळवा.

२. काहीही हलवण्याआधी फोटो काढा. लांबून, जवळून, चारही बाजूंनी. चाकांचे ठसे, काचा, रंगाचे ओरखडे, सांडलेलं तेल, सगळ्यांचे. एक फोटो असा हवा की ज्यात आपलं घर आणि रस्ता दोन्ही दिसतील. मोबाईलवर चित्रफीतही काढा आणि ती दोघी-तिघींच्या फोनवर पाठवून ठेवा.

३. काचा, प्लास्टिकचे तुकडे, नंबरपाटीचा तुकडा मिळाला तर तो जागेवरच राहू द्या आणि पोलिसांना दाखवा. पावसाची किंवा रहदारीची भीती असेल, तर फोटो काढून मग साक्षीदारांसमोर पिशवीत ठेवा.

४. कुणी काय पाहिलं, काय ऐकलं, किती वाजता, ते त्याच दिवशी लिहून काढा. पहाटे दूध घालायला निघालेला माणूस, रात्रपाळीचा वॉचमन, पाणी द्यायला शेतात गेलेला शेतकरी, ह्यांना विचारा. आठ दिवसांनी माणसाला वेळ आठवत नाही.

५. कॅमेरे कुठे आहेत ते बघा. पेट्रोल पंप, ढाबा, पतसंस्था, सोसायटी, टोलनाका, साखर कारखान्याचं फाटक, गावच्या चौकातला ग्रामपंचायतीचा कॅमेरा. बहुतेक यंत्रांत जुनं चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं. म्हणून मालकाला त्याच दिवशी हात जोडून सांगा की तेवढा भाग जपून ठेवा. त्याने नाही म्हटलं तर वाद घालू नका. तक्रारीत त्या कॅमेऱ्याचं ठिकाण लिहा, म्हणजे पोलीस ते मागवू शकतात.

६. पोलीस पाटलांना कळवा आणि त्याच दिवशी पोलीस ठाण्यात जा. एकटी जाऊ नका, गटातल्या दोघी बरोबर घ्या.

पोलीस ठाण्यात

तक्रार लेखी द्या. घटना कधी, कुठे, कशी, नुकसान काय, साक्षीदार कोण, कॅमेरे कुठे, एवढं त्यात यावं. वाहनाचा नंबर माहीत नसेल तर "अज्ञात वाहनचालक" असं लिहिता येतं. नंबर माहीत नाही म्हणून तक्रार घेता येत नाही, असं कुणी म्हटलं तर ते बरोबर नाही. आणि नुसत्या संशयावरून कुणाचं नाव लिहू नका. जे पाहिलं तेवढंच लिहा.

मोटार वाहन कायदा १९८८ मधलं कलम १३४ सांगतं की अपघातात माणूस जखमी झाला किंवा दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं, तर चालकाने पोलिसांना कळवायचं असतं, जास्तीत जास्त चोवीस तासांत. ते न करणं हा कलम १८७ खाली गुन्हा आहे. सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे गाडी चालवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ खाली वेगळा गुन्हा आहे. ही कलमं पाठ करायची गरज नाही. पण "भिंतच पडलीय, त्यात काय तक्रार" असं कुणी म्हटलं, तर कायद्यात मालमत्तेचा शब्द आहे एवढं ठामपणे सांगता यायला हवं.

गुन्हा नोंदवला की त्याची प्रत फिर्यादीला मोफत मिळते. तो आपला हक्क आहे. तक्रार घेत नसतील, तर तीच तक्रार टपालाने जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना पाठवता येते. टपालाची पावती जपा. घटनास्थळाचा पंचनामा होईल तेव्हा हजर राहा आणि सगळं नुकसान त्यात आलंय का ते वाचून बघा. वाचता येत नसेल तर वाचून घ्या, त्याशिवाय अंगठा किंवा सही नको.

एक गोष्ट स्पष्ट समजून घ्या. पोलीस गाडी शोधतील, गुन्ह्याचा तपास करतील. भरपाई किती, हे ठरवणं त्यांचं काम नाही. ते पुढच्या पायरीवर ठरतं.

खर्च कागदावर आणा

"लाखभर रुपयांचं नुकसान झालं" असं म्हणून कुणी पैसे देत नाही. त्या मिरची कांडपाच्या गटाने काय केलं ते ऐका. त्यांनी प्रत्येक गोष्टीचा वेगळा अंदाज लेखी घेतला. भिंतीचा गवंड्याकडून, विटा-सिमेंट-मजुरीसकट, २४,५०० रुपये. शटर १३,८०० रुपये. पत्रे आणि लोखंडी अँगल ९,६०० रुपये. यंत्राची दुरुस्ती, विकणाऱ्या दुकानदाराच्या कोटेशनप्रमाणे, १६,५०० रुपये. वीजजोडणीचं काम ४,००० रुपये. एकूण ६८,४०० रुपये. अंदाजावर तारीख, सही आणि फोन नंबर होता. पुढे खरी बिलं आली तीही त्यांनी जोडली.

शिवाय काम किती दिवस बंद राहिलं ह्याची नोंद ठेवली. आधीच्या तीन महिन्यांची कांडपाची वही त्यांच्याकडे होती, म्हणून रोजचं उत्पन्न दाखवता आलं. ज्या गटाची वहीच कोरी, त्या गटाने बुडालेलं उत्पन्न मागायचं कशाच्या जोरावर? नोंदी ठेवा म्हणून प्रत्येक बैठकीत आम्ही घसा कोरडा करतो, तो उगाच नाही.

दुसरा कागद मालकीचा. घर कुणाच्या नावावर आहे? ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा काढून ठेवा. भरपाईचा दावा मालमत्तेच्या मालकाने करायचा असतो. घर सासऱ्यांच्या नावावर असेल तर सही त्यांची. गाळा भाड्याचा असेल तर भिंतीची भरपाई गाळामालक मागेल, यंत्राची आणि मालाची गट मागेल. यंत्र गटाचं असेल तर गटाचा ठराव करा, कुणी सही करायची ते त्यात लिहा, आणि यंत्राची खरेदीपावती शोधून ठेवा. बांधकाम रस्त्याच्या हद्दीत पुढे आलं असेल तर समोरचा तोच मुद्दा आधी काढणार, हेही लक्षात असू द्या.

गाडी सापडली, आता?

गाडीचा नंबर मिळाला की केंद्र सरकारच्या एमपरिवहन ॲपवर त्या गाडीची नोंदणी आणि विम्याची मुदत बघता येते. गावातल्या कुठल्याही कॉलेजच्या मुलीला सांगा, ती दोन मिनिटांत बघून देईल.

रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक वाहनाला तृतीय पक्ष विमा सक्तीचा आहे. इथे तृतीय पक्ष म्हणजे आपण. साधारणपणे ह्या विम्यात मोटार आणि मालवाहू गाडीमुळे झालेल्या दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीला साडेसात लाखांपर्यंत, आणि दुचाकीमुळे झालेल्या नुकसानीला एक लाखापर्यंत संरक्षण असतं. काही मालक हप्ता वाचवायला ही मर्यादा सहा हजारांवर आणतात. तसं असेल किंवा विमाच नसेल, तर उरलेली जबाबदारी मालकाची स्वतःची. विमा नाही म्हणून तो सुटत नाही.

इथून दोन वाटा आहेत.

पहिली वाट समेटाची. मालक म्हणतो, मिटवून टाकू. मिटवायला हरकत नाही, पण घाईने नको. त्या गटाला ट्रकमालकाने आधी पाच हजार देऊ केले. "एवढ्यात काय होतं ते बघा," म्हणाला. गटाने अंदाजपत्रकं समोर ठेवली. मग तो म्हणाला, "शटर जुनंच होतं." तेही खोटं नव्हतं. जुन्या वस्तूचे नव्या इतके पैसे मिळत नाहीत, हे आपणही मान्य करायला हवं. शेवटी ५८,००० वर ठरलं. सचिव ताईंनी तीन गोष्टी सोडल्या नाहीत. रक्कम लेखी ठरली, पैसे गटाच्या बँक खात्यात आले, आणि दुसरा हप्ता जमा होईपर्यंत "आमची काही तक्रार नाही" ह्या कागदावर कुणी सही केली नाही. कोऱ्या कागदावर तर नाहीच नाही. गटाला सगळा खर्च मिळाला का? नाही, दहा हजार चारशे रुपये आणि बंद पडलेले दिवस त्यांनी सोसले. पण यंत्र सुरू झालं आणि एकही हप्ता थकला नाही.

समेटात एक पथ्य पाळा. रस्ता अडवणं, चालकाला मारहाण करणं, गाडीची चावी काढून घेणं, ह्यातलं काही करू नका. आपली बाजू खरी असते आणि गुन्हा आपल्यावर दाखल होतो.

दुसरी वाट मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची. हे जिल्हा न्यायालयाच्या ठिकाणी असतं. तिथे फक्त मृत्यू आणि जखमांचेच दावे चालतात असं बऱ्याच जणांना वाटतं, पण मालमत्तेच्या नुकसानीचा दावाही तिथे करता येतो. नुकसान दोन हजारांपेक्षा जास्त असेल तर त्याऐवजी दिवाणी न्यायालयात जायची मुभाही आहे. न्यायाधिकरणातल्या दाव्यात चालक, मालक आणि विमा कंपनी तिघांनाही सामील करतात. जिथे घटना घडली किंवा जिथे आपण राहतो, तिथल्या न्यायाधिकरणात जाता येतं. दावा घटनेपासून सहा महिन्यांच्या आत करायचा. "बघू पुढच्या उन्हाळ्यात" असं म्हणू नका.

वकिलाच्या खर्चाची भीती वाटते ना? विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ प्रमाणे स्त्रियांना मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे, त्याला उत्पन्नाची अट नाही. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते. तिथे साधा अर्ज करा, किंवा १५१०० ह्या क्रमांकावर फोन करा. असे दावे लोकअदालतीत तडजोडीनेही मिटतात, आणि तिथला निवाडा न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखाच पाळावा लागतो.

गाडी सापडलीच नाही तर

तपास करूनही गाडी सापडली नाही, तर पोलीस "गुन्हा खरा, पण आरोपी मिळाला नाही" असा अहवाल न्यायालयाला देतात. अशा वेळी कामाला येतो तो आपला स्वतःचा विमा.

एप्रिल २०२१ पासून देशातल्या सामान्य विमा कंपन्या घरासाठी "भारत गृह रक्षा" आणि लहान उद्योगांसाठी "भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा" ह्या ठरावीक नमुन्याच्या पॉलिसी देतात. दोन्हींत आग, पूर, वादळाबरोबर बाहेरची वस्तू आदळून झालेलं नुकसानही येतं, आणि त्यात वाहनाची धडक आहे. इथे गाडी कुणाची हे सापडलं पाहिजे अशी अट नाही. कर्ज घेताना बँकेने यंत्राचा विमा काढला असेल, तर त्याची प्रत मागून घ्या. कितीतरी गटांचा विमा बँकेच्या फायलीत पडून असतो आणि गटाला त्याचा पत्ताच नसतो. त्यात फक्त यंत्र आहे, की माल आणि बांधकामही आहे, हे वाचून बघा.

नुकसान झालं की कंपनीला लगेच कळवा. कंपनीचा सर्वेक्षक बघून जाईपर्यंत दुरुस्ती सुरू करू नका. पावसापासून वाचवायला ताडपत्री टाकली तर चालेल, फोटो मात्र आधी. आणि कंपनीकडे दावा केला असेल, तर गाडीमालकाशी परस्पर समेट करू नका. आपल्याला दिलेले पैसे त्याच्याकडून वसूल करायचा हक्क कंपनीला असतो. परस्पर मिटवलं तर आपलाच दावा अडकतो. कंपनीने दावा विनाकारण अडवला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा, आणि महिनाभरात समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे जा. आपल्या राज्यात त्यांची कार्यालयं मुंबई, ठाणे आणि पुण्याला आहेत. त्यासाठी शुल्क नाही, वकीलही लागत नाही.

ह्या महिन्यात करायचं काम

सख्यांनो, ऐकून घरी जाऊन विसरायचं असेल तर सभेला बसण्यात अर्थ नाही. प्रत्येक ग्रामसंघाने ह्या महिन्यात चार कामं करावीत. रस्त्याकडेला घर किंवा उद्योग असलेल्या सख्यांची यादी करा. त्यांचे नमुना ८ चे उतारे, यंत्रांच्या पावत्या आणि विम्याच्या प्रती एका फायलीत लावा. आज सगळं धड उभं आहे तोवर घराचे, गाळ्याचे, यंत्राचे फोटो काढून ठेवा. आधी कसं होतं हे दाखवायला तेच उपयोगी पडतात. आणि गावातले कॅमेरे कुठे आहेत, पोलीस पाटलांचा फोन कोणता, हे ग्रामसंघाच्या भिंतीवर लावा.

ज्या गोठ्याच्या मावशींचं मी सांगितलं, त्यांचं नावही त्या यादीत घाला. त्या एकट्या आहेत. अशी वेळ पुन्हा आली तर पोलीस ठाण्यात त्यांच्या दोन्ही बाजूंना कोण दोघी उभ्या राहणार, हे ग्रामसंघाने आजच ठरवावं.